एका सर्व्हरचे दोन पत्ते

"हिचा हात लागला का प्रिंटर बसतेच," पॅकिंगचा सुपरवायझर आमच्या साहेबांना सांगत होता. ज्या बाईबद्दल तो बोलत होता, ती शेजारीच उभी होती.

"काहून गा भाऊ, मी काय जादू करून राहिली का?" ती म्हणाली. आजूबाजूचे हसले.

बुटीबोरीच्या त्या सूतगिरणीत सर्व्हर सांभाळायच्या कामाला लागून मला थोडेच महिने झाले होते. पॅकिंगच्या शेडमधला प्रिंटर खोक्यांवरचे स्टिकर छापायचा. स्टिकरशिवाय खोकं गाडीत चढत नसे. लाइट जाऊन आली की ऑफिसातला सर्व्हर आपोआप सुरू व्हायचा, प्रिंटर मात्र या बाईला सुरू करावा लागे. आणि नेमकी त्यानंतरच छपाई थांबायची. साहेब सर्व्हरचं नेटवर्क बंद करून पुन्हा चालू करत, तेवढ्यापुरतं चाले. त्यामुळे दोष तिच्या हाताचा, असं शेडमध्ये ठरूनच गेलं होतं.

"उद्यापासून हिले ब्लो-रूममध्ये पाठवतो," सुपरवायझर म्हणाला. कापूस पिंजायचं ते खातं. तिथे दिवसभर तंतू उडतात. बाईला दमा होता. जेवणाच्या सुट्टीत ती भिंतीकडे तोंड करून पंप ओढायची, ते मी पाहिलं होतं.

"सर्व्हर तर ठीक आहे," साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पिंग केलं, उत्तर येते." मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "तूही पाहून घे."

साहेब सवयीने जुनी कमांड वापरत. तिच्यात नेटवर्क कार्डाचा एकच पत्ता दिसत होता. मी नवी चालवली. त्याच कार्डावर दोन पत्ते होते: एक आम्ही कायमचा लिहून ठेवलेला, दुसरा राउटरने परस्पर दिलेला. सर्व्हर सुरू होताना दोन वेगळे प्रोग्राम एकाच कार्डाला पत्ता देत होते. मग कुठला डेटा कुठून जातो ते पाहिलं. पॅकिंगच्या शेडकडे जाणारं सगळं राउटरने दिलेल्या पत्त्यावरून निघत होतं. प्रिंटर तर फक्त आम्ही लिहिलेल्या पत्त्याचंच काम घेतो. दुसरीकडून आलेलं मुकाट टाकून देतो.

हे मोठ्याने सांगणं माझ्या जिवावर आलं. साहेबांनी नुकतंच सगळ्यांसमोर सर्व्हर ठीक म्हटलं होतं. शिवाय माझी शाळा इंग्रजी. चारचौघांत मराठी बोलायला लागले की मी मध्येच अडते, आणि समोरचे माझी सोय म्हणून हिंदीत उत्तर देतात. मी स्क्रीन साहेबांकडे वळवली आणि त्या दोन ओळींवरून कर्सर फिरवत राहिले. साहेब मोबाइलमध्ये होते.

"चाल वं, सामान काढ तुयं," सुपरवायझर म्हणाला.

बाई खाली वाकली. टेबलाखालून डबा काढला, बाटली काढली. ड्रॉवरमधला पंप ओढणीच्या टोकाने पुसून पिशवीत टाकला.

मी उठले. आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"ताईंनी काही केलेलं नाही. सर, सर्व्हरला दोन पत्ते लागलेत. तुमच्या कमांडमध्ये एकच दिसतो."