अण्णांचं दीड एकर

आखातात सोळा वर्षं काढून कोल्हापुरात परत आलो तेव्हा सोबत दोन गोष्टी होत्या. अत्तराच्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या पाहुण्यांनी पहिल्याच महिन्यात संपवल्या. किस्से मात्र संपत नाहीत. एक सांगायला घेतला की त्याच्या मागनं तीन निघतात. रंकाळ्यावर संध्याकाळी चार मित्र जमले की कुणीतरी म्हणतंच, "सांग की तिकडचं कायतरी." मी सांगतो, सगळे पोट धरून हसतात, आणि घरी जाताना मला उगाच कसंतरी होतं. कारण यातले निम्मे किस्से तानाजीअण्णांचे आहेत आणि ते मी कधीच पुरते सांगत नाही. आज सांगतो.

लोकांना वाटतं मी तेलाच्या कंपनीत होतो. कसलं तेल! आमचा धंदा गवताचा. ते शहर वाळवंटात झपाट्यानं वाढत होतं. आज रस्ता झाला की उद्या त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवळ पाहिजे, मध्ये झाडं पाहिजेत, चौकात फुलं पाहिजेत. मी शेतकी डिप्लोमावाला सुपरवायझर. हाताखाली चाळीसेक माणसं, त्यात आपल्याकडचे तिघं. जयसिंगपूरचा मिलिंद स्टोअर सांभाळायचा, हुपरीचा बाळू पाण्याच्या नळ्या बघायचा, आणि कागलजवळच्या खेड्यातले तानाजीअण्णा गवत आणि झाडं. अण्णांच्या हाताला काय होतं कोण जाणे, वाळलेलं रोप ते दोन दिवस कुरवाळत बसले की पालवी फुटायची.

अण्णांचं गावाकडं हायवेला लागून दीड एकर रान होतं. विहीर बांधून काढायची, पाइपलाइन करायची आणि परत जाऊन आपल्या हातानं ऊस करायचा, एवढ्यासाठी ते आले होते.

*

अण्णा येऊन आठवडा झाला असेल. मशिनीनं कापलेलं गवत पिशव्यांत भरून ट्रक कचराडेपोकडं निघाला होता. अण्णा ट्रकच्या आडवे उभे राहिले. हलेनातच.

"दोन म्हशी म्हैनाभर खात्याल एवढी वैरण हाय ही. टाकताय कुटं?"

आमचा गोरा इंजिनीअर शेजारीच होता. हा काय म्हणतोय, असं त्यानं मला विचारलं. आता याला वैरण कुठली समजवायची? मी म्हणालो, "सर, आपल्या गवताची क्वालिटी फार चांगली आहे म्हणतोय." इंजिनीअर खूश! त्यानं अण्णांची पाठ थोपटली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना गवत कापायच्याच टोळीवर घातलं. अण्णा माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत.

*

त्या शहरात खूण म्हणून काही ठेवायची सोय नव्हती. अण्णांनी आमच्या कॅम्पची खूण ठेवली होती वाळूचा एक मोठा ढीग. ढिगापासनं डावीकडं वळलं की कॅम्प. एका शुक्रवारी ते बाजाराला गेले आणि दुपारी मला फोन आला.

"सायब, ढीग गेला."

विचारलं, नेमके कुठं उभे आहात? म्हणाले, कॅम्प समोरच दिसतोय, दोरीवर माझा टॉवेलसुद्धा दिसतोय, पण मधी रस्ता आलाय. आणि खरंच आला होता. महिनाभर अर्धवट पडलेला तो सहा पदरी रस्ता नेमका त्या दिवशी चालू झाला होता, दोन्हीकडं जाळी मारलेली, ओलांडायला कुठं जागा नाही. शेवटी टॅक्सी केली. टॅक्सीवाल्यानं पार विमानतळापर्यंत नेऊन वळसा घातला आणि टॉवेलापाशी आणून सोडलं. आम्ही सगळे हसून लोळलो. अण्णा हसले नाहीत. पुढं आठ दिवस ते बाजाराला गेले नाहीत एवढंच.

*

बाळूचा किस्सा सांगितल्याशिवाय रंकाळ्यावरचे मित्र मला सोडत नाहीत. बाळूच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पैंजण करायचं काम. हात इतका बारीक की ठिबकच्या नळीची बंद पडलेली तोटी तो चिमट्यानं उघडून दुरुस्त करायचा. त्याचं लग्न जमवायचं तर मुलीकडच्यांना व्हिडिओ कॉल करायचा होता. कॅम्पच्या खोलीत आठ माणसांच्या खाटा, तिथनं कसा करणार? म्हणून आम्ही ज्या हॉटेलची बाग केली होती तिथं कारंज्यापुढं त्याला उभा केला. इस्त्रीचा शर्ट मिलिंदचा.

बोलणं रंगात आलं तेवढ्यात हॉटेलचा वॉचमन आला आणि बाळूच्या दंडाला धरून त्याला बाजूला करायला लागला. आम्ही सगळे गार पडलो. तर मोबाइलमधनं मुलीच्या मामाचा आवाज, "बघा, वॉचमनबी हाय दारात!"

लग्न जमलं. बाळूला एकवीस दिवसांची रजा मिळाली, त्यातले तेरा दिवस लग्नाच्या गडबडीत गेले. पुढच्या रजेला तो घरी गेला तेव्हा त्याची मुलगी चालत होती, आणि त्याला बघून आईच्या मागं लपली. हा भाग मी मित्रांना सांगत नाही.

*

अण्णा तिथं राहून शेती करायचे ती फोनवरनं. उन्हाळ्यात दुपारचं काम बंद असायचं, त्या वेळात ते खाटेवर बसून मुलाला, विशालला, फोन लावायचे. मोटर चालू हाय का, कुठल्या सरीत पाणी हाय, खत कधी टाकलंस. खाटेशेजारच्या भिंतीवर त्यांनी निळ्या खडूनं सगळं रान काढलं होतं. विहीर, बांध, बांधावरचं जांभळाचं झाड, सगळं. पोरानं सांगितलं की आज या वाफ्यात लागण झाली, की अण्णा तेवढा वाफा खडूनं रंगवायचे.

एकदा कॅम्पची तपासणी होती म्हणून रंगारी आले आणि सगळ्या भिंती पांढऱ्या करून गेले. अण्णा कामावरनं आले, भिंत बघितली आणि हातपाय न धुताच फोन लावला.

"विशाल, रान बरं हाय न्हवं?"

काल तर बोललो की आबा, असं पोरगं म्हणालं. मग अण्णांनी दोन दिवस खपून रान परत काढलं. मिलिंदनं कौतुकानं बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं की शेजाऱ्याच्या बाजूला बांध वीतभर सरकलाय. तो म्हणाला, "अण्णा, हितं बसून बांध कोरलासा की!"

अण्णा शांतपणे म्हणाले, "त्यानंच आदी कोरलता. मी फकस्त जाग्यावर आणलाय."

*

आता माझा किस्सा. हा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही, बायकोलासुद्धा नाही.

अण्णा दर वर्षी राजीनामा घेऊन यायचे. मिलिंदकडनं इंग्रजीत टाइप करून आणायचे, दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर ठेवायचे आणि उभे राहायचे. मी चहा मागवायचो. यंदा पुष्पप्रदर्शन आहे अण्णा, एवढं होऊ द्या. यंदा कुणी मोठा पाहुणा येणार आहे, तेवढा चौक बघा. अण्णा चहा प्यायचे, कागद घडी करून खिशात ठेवायचे आणि कामाला जायचे. मला ती माझी हुशारी वाटायची.

पण एका वर्षी ते चहा न घेता बोलले. "सायब, इहीर झाली, पाइपलाइन झाली. आता माजं काय काम हितं?"

त्यांचं बरोबर होतं. पण त्याच महिन्यात माझ्या बढतीचं चाललं होतं आणि मला एका नव्या रस्त्याची झाडं जगवून दाखवायची होती. अण्णा गेले तर ती जगली नसती हे मला माहीत होतं. मी त्यांना म्हणालो, चार दिवसांनी बोलू. आणि त्या दुपारी मी रस्त्यावर गेलो आणि नवीन लावलेल्या बारा कडुनिंबांचा व्हॉल्व्ह बंद केला. नळ्या जमिनीखालून होत्या, चेंबरला कुलूप होतं आणि चावी माझ्याच खिशात असायची.

चार दिवसांत झाडांनी माना टाकल्या. मी अण्णांना गाडीत घालून नेलं आणि दाखवलं. ते प्रत्येक झाडापाशी गेले, खोडावर हात ठेवून उभे राहिले. मग विचारलं, पाणी येतंय न्हवं? येतंय, मी म्हणालो.

अण्णा म्हणाले, "ह्यास्नी असं सोडून कसं जायाचं?" आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी व्हॉल्व्ह उघडला. आठवड्यात झाडं टवटवीत झाली. सगळे म्हणाले, अण्णांचा हातगुण. अण्णांनाही तसंच वाटलं असणार. मला बढती मिळाली आणि अण्णा आणखी चार वर्षं राहिले. मला याची लाज वाटते, आणि ती वयाबरोबर कमी होत नाही.

*

त्या चार वर्षांत इकडं कागलचा हायवे बदलून गेला. अण्णांच्या रानाच्या एका बाजूला गाड्यांचं शोरूम आलं, दुसऱ्या बाजूला हॉटेल. एक दिवस मला विशालचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह.

"काका, आबांना सांगू नका, सरप्राइज हाय. रानाचं लॉन केलंय. लग्नाचं."

मी म्हणालो, अरे, त्यांना विचारायचं तरी. तो म्हणाला, विचारलं तर न्हाय म्हणत्याल, म्हणून तर सरप्राइज. एकट्याला ऊस परवडत नाही, मजूर मिळत नाहीत, आणि आबांना गवताचं सगळं कळतंय, परत आले की त्यांनाच सगळं बघायला देणार. पोरगं वाईट नव्हतं. बाप तिकडं, रान इकडं, आणि ते एकटं मधी. त्याला जे सुचलं ते त्यानं केलं.

तेव्हापासनं विशाल बापाला फोटो पाठवायचा ते दुसऱ्याच कुणाच्या उसाचे. अण्णा ते मला दाखवायचे. "सरी बगा सायब कशी सरळ धरलीया पोरानं." मी म्हणायचो, व्वा अण्णा. भिंतीवरचे वाफे रंगत होते.

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. बोललो असतो तर अण्णा मिळेल त्या विमानानं गेले असते, निम्मं तरी रान वाचलं असतं. पण एक सांगायला गेलो तर अण्णा तिकडं कशापायी अडकले तेही निघालं असतं, त्या कडुनिंबांचंही सांगावं लागलं असतं, म्हणून मी गप्प बसलो.

*

अण्णा शेवटी निघाले तेव्हा विमानतळावर त्यांची बॅग अडवली. इतरांच्या बॅगांत चॉकलेटं, ब्लँकेटं, टीव्ही. अण्णांच्या बॅगेत ठिबकच्या दोनशे तोट्या! अधिकारी एकेक काढून बघतोय आणि विचारतोय, हे काय आहे? स्टोअरमधनं मिलिंदनं जुन्या, टाकून दिलेल्या तोट्या गोळा करून दिल्या होत्या आणि बाळूनं महिनाभर बसून त्या सगळ्या दुरुस्त केल्या होत्या.

अण्णा त्याला हिंदीत समजावत होते, "गन्ना है ना सायब, गन्ना. उसको एकेक को पानी."

अधिकारी हसला आणि त्यानं सोडलं. मिलिंद आणि बाळू टाळ्या वाजवत होते. अण्णा आत जाताना माझ्याकडं वळले आणि म्हणाले, पुढच्या गुऱ्हाळाला या, गूळ करून ठेवतो. मी हात हलवला.

*

अण्णा घरी पोचल्यावर काय झालं ते मला त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, सांगितलं. गाडी थेट लॉनच्या गेटापुढं थांबली. वर लायटिंग, खाली हिरवंगार गवत, विशाल हार घेऊन उभा. जांभळाच्या झाडाला पांढरा कट्टा बांधला होता, विहिरीवर स्लॅब टाकून स्टेज केलं होतं. अण्णा गेटातनं आत आले. मग खाली बसले, गवताची चार पाती बोटांत चोळून बघितली.

"पानी जास्त व्हायलंय," एवढंच म्हणाले आणि घरात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी उठून बघतात तर अण्णा पाइप धरून लॉनवर.

*

मिलिंदच्या धाकट्या भावाचं लग्न गेल्या वर्षी त्याच लॉनवर झालं. त्यालाही दुसरं कुठलं सुचलं नसतं. आम्ही सगळे आलो होतो. बाळू मुलीला खांद्यावर घेऊन आला होता. त्रिसरण-पंचशील झालं, फुलं पडली, जेवणाच्या पंगती सुरू झाल्या. मी अण्णांना शोधत होतो, कारण त्या दिवशी मी घरनं ठरवूनच निघालो होतो. कडुनिंबाचं सांगून टाकायचं. मग ते शिव्या देऊ देत, मारू देत, काय करायचं ते करू देत.

अण्णा मंडपाच्या मागं सापडले. खुर्च्यांनी दबलेलं गवत ते हातानं उठवत होते. मला बघून उभे राहिले, सायब म्हणाले, जेवलासा का म्हणाले. मी म्हणालो, अण्णा, जरा बोलायचं होतं. त्यांनी हात धोतराला पुसले आणि ऐकायला माझ्याकडं तोंड केलं.

तेवढ्यात नवरीकडचे एक पाहुणे विडा चघळत तिकडंच आले. भली मोठी जागा, हायवेला लागून, त्यांना फारच आवडली होती. सगळीकडं नजर फिरवून त्यांनी अण्णांना विचारलं, "मामा, जागा झकास हाय. हितं आदी काय होतं वो?"

अण्णांनी गवताकडं बघितलं, मग पाहुण्यांकडं बघितलं.

"मला कुटलं म्हाईत असायला, पावणं," ते म्हणाले. "मी हितं नव्हतो."