कोपऱ्यातल्या खोलीची कडी

गिऱ्हाईक म्हणेल तिथे कडी, हा मिस्त्रींचा धर्म. त्यामुळे लेकीच्या विशेष बालवर्गाच्या शिपायाने कोपऱ्यातल्या खोलीला बाहेरून कडी लावायला सांगितली, तेव्हा मिस्त्रींनी फक्त उंची विचारली.

"तुम्हीच ठरवा. पोरांचा हात पोचू नये, एवढंच."

मिस्त्रींना अंदाज होता. त्यांची चार वर्षांची भिंगरी बोलत नसे, पण उघडं दार दिसलं की रस्ता गाठायला तिला शब्द लागत नसत. एका जागी बसे ती फक्त ड्रिल चाललं की, बापाच्या गुडघ्याला टेकून. ती स्टुलावर चढली तरी हाताला लागणार नाही अशी कडी त्यांनी बसवली. वर तेलही दिलं.

पुढच्या आठवड्यात नवराबायकोला बोलावणं आलं. पालकांना विचारल्याशिवाय तिथे काहीच ठरत नसे.

"तिला शांतता हवी," मुख्य बाई म्हणाल्या. "वेगळी खोली सुचवतोय. तुम्ही म्हणाल तसं, अर्थात."

"कुठली खोली?" बायकोने विचारलं.

"कोपऱ्यातली."

"आत तिच्याजवळ कोण बसणार?"

"माणूस मिळाला की बसेल."

मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाले, "त्या खोलीला बाहेरून कडी आहे."

"तुम्हाला काय माहीत?" बायकोने विचारलं.

"मीच लावलीये. आपल्या भिंगरीचा हात पोचणार नाही अशी."

बाईंचा चेहरा खुलला. "बघा, म्हणजे गरज तुम्हालाही पटली होती."

"नाही पटली. ती सगळ्यांतच बसेल. आणि कडी मी काढतोय."

"तुमचं मत फार मोलाचं आहे," बाई म्हणाल्या. मिस्त्रींनी कडी काढून बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांना कोणी अडवलं नाही. शिपायाने तर स्टूल धरलं.

संध्याकाळी शेजारच्या दुकानातला सुतार चहा पिता पिता म्हणाला, "तुमच्या लेकीच्या शाळेचं काम आलंय, मिस्त्री. एकच कडी. भोकं म्हणे आयती आहेत, ड्रिलने स्क्रू पिळले की झालं."

"नको घेऊस."

"मी नाही घेतलं तर दुसरा घेईल. सुतार काय कमी आहेत का गावात?"

दुसऱ्या दिवशी बायको भिंगरीबरोबर वर्गातच जाऊन बसली. तिला कोणी उठवलं नाही. पालकांच्या सहभागाचं तिथे भारी कौतुक. चहासुद्धा आला. कप घ्यायला तिने लेकीचा हात सोडला, तेवढ्यात कोपऱ्यातल्या खोलीकडून ड्रिलचा आवाज आला.

भिंगरीचा चेहरा उजळला. ती उठली आणि बाबा दिसणार म्हणून आवाजाच्या दिशेने धावत सुटली.