मामाच्या वाळक्या काड्या

मामाच्या गॅलरीत पहिल्यांदा डोकावणारा माणूस हमखास विचारतो, "सरपण साठवताय की काय?" मामा मानही न हलवता सांगतो, "हो. आपली वेळ काय सांगून येते?"

सरपण नाही ते. गजांना बांधलेले फांद्यांचे तुकडे आहेत आणि त्यांच्यावर ऑर्किडं आहेत. दुकानातल्या काचेमागची ऐटबाज जांभळी फुलं डोळ्यांसमोर आणलीत तर फसाल. ही झाडांवर राहणारी, बोटाच्या पेराएवढी. फूल आलंच तर मसुराएवढं, तेही पानामागे तोंड लपवून. सगळी एकाच घराण्यातली. "आडनाव एक, तोंडं वेगळी," मामा म्हणतो. त्यांचं पुस्तकातलं आडनाव मी त्याला शोधून दिलं होतं. त्याने ते म्हणून पाहिलं, जीभ अडखळली, "आपलं 'चिमण्या'च बरं," म्हणून सोडून दिलं.

मामा वीज खात्यात फांद्या तोडतो. झाड तारांना टेकलं की शिडी लावायची, चढायचं, करवत चालवायची. उभा जन्म यात गेल्यामुळे त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलाय, आणि सपाट रस्त्यावरही तो पायरी चाचपडल्यासारखा चालतो. फांदीबरोबर चिमण्या खाली येतात. बाकीची टोळी त्यांना बांडगुळं म्हणून ट्रकमध्ये फेकते, मामा जेवणाच्या पिशवीतून घरी आणतो.

"बांडगूळ झाडाला पिऊन टाकतं," तो मला समजावत होता. "ह्या नुसत्या टेकतात. खाणंपिणं हवेवर."

"म्हणजे घरजावई."

"घरजावई जेवतो रे. ह्या जेवतही नाहीत."

"आणि भाचा दोनदा जेवतो," मामी आतून म्हणाली.

हवेवर जगतात हे खरं, पण ती हवा झाडावरची. गॅलरीतली हवा कोरडी, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा. म्हणून मामा-मामी कुठे जात नाहीत. माझ्यावर सोपवावं तर माझी नोकरी फिरतीची. मामेबहिणीचं सासर दिवसभराच्या प्रवासावर. तिचा मुलगा बसायला लागला तरी मामीने त्याला पाहिलं ते फोनवरच.

"तू जाऊन ये की," मामा म्हणायचा.

"आणि लेकीने विचारलं बाबा कुठेत, तर काय सांगू? काड्यांना पाणी घालतायत?"

मग वादळ झालं. जागोजागी झाडं तारांवर आडवी झाली. मामा उजाडायच्या आत जायचा आणि परत आला की बूट काढता काढता झोपायचा. फवारा मामीच्या गळ्यात पडला. तो मारता मारताच तिला युक्ती सुचली. तिने कुंड्या आणल्या, माती आणली, एकेक चिमणी काडीवरून सोडवून मातीत लावली आणि वर तांब्याने पाणी घातलं.

मामाला हे कळलं ते वादळाचं काम आटपून रजा मिळाली, तिच्या पहिल्या दिवशी. मी चहाला होतो.

"आता महिनाभर बघायला नको," मामी खुशीत म्हणाली. "चांगलं शेणखत घातलंय. उद्याच्या गाडीला जागा आहे, विचारून आलेय."

मामाने एक कुंडी उचलून बोटाने माती उकरली. मुळं काळी, बुळबुळीत. दुसरीतही तेच. आता घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. तो नुसता खाली बसला.

"काय झालं?"

"यांची मुळं उघडी लागतात गं. मातीत गुदमरतात."

मामीचा चेहरा उतरला. "मग इतक्या वर्षांत सांगायचं होतंत."

"तू त्यांना बांडगुळं म्हणायचीस."

"आहेतच. माझ्या संसारावरची." मग तिला रडू फुटलं. "पोरगं उद्या रांगायला लागेल हो. फोनच्या काचेला किती दिवस पापे देऊ मी?"

मामाने कुंडी खाली ठेवली. मग मला म्हणाला, "बादली आण."

आम्ही मुळं धुतली. निम्म्या गेल्याच होत्या. उरलेल्या पिशवीत घालून त्याने शिडी खांद्यावर घेतली.

"आज रजा ना तुझी?" मी विचारलं.

"म्हणूनच. कामाच्या दिवशी चढलो तर हात तोडायला जातात."

पाण्याच्या टाकीमागे एक झाड आहे. इथल्या प्रत्येक झाडावर मामाची करवत कधी ना कधी चाललीय. हे एकच सुटलंय, कारण याच्या आसपास तारच नाही. मी शिडी धरली. तो पायरीपायरीवर थांबत वर गेला आणि जुन्या बनियनच्या पट्ट्यांनी एकेक चिमणी फांदीला बांधत राहिला. उतरल्यावर त्याने कपाळ खोडाला टेकलं.

"जगतील?" मी विचारलं.

"मला काय विचारतोस? झाडावर होत्या तेव्हा माझ्या जिवावर थोड्याच जगत होत्या."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीत बसवून दिलं. खिडकी मामीला. गाडी हलायच्या आतच मामा झोपला. मामीने त्याचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं.

पुढे फिरतीवरून आलो तेव्हा टाकीमागे जाऊन आलो. काही पट्ट्यांत काहीच उरलं नव्हतं. पण एकीचं पांढरं मूळ पट्टीखालून बाहेर येऊन सालीला चिकटलं होतं. मामीला फोन लावला.

"झोपलेत," ती म्हणाली. "आल्यापासून आजोबा आणि नातू पाळीपाळीने झोपतात. काय सांगू?"

"सांग, एकीने साल धरलीय."

तिने त्याला हलवलेलं ऐकू आलं. मग झोपाळू आवाज आला, "कुठली रे?"

मला काय माहीत कुठली! "ती लहान," म्हटलं.

"सगळ्याच लहान आहेत, गाढवा. हात लावू नकोस तिला."

मग फोनवर नुसतं घोरणं.