तिसरा ठिपका

निफाडच्या देवरामला एका जागी बसलेला पाहिलेला माणूस अजून भेटायचा आहे. द्राक्षांच्या पेट्या वाहणारा त्याचा टेम्पो सिग्नलला थांबला, तरी हा पठ्ठ्या स्टेअरिंगवर बोटं वाजवत असतो. पंगतीत मठ्ठा यायच्या आत हात धुऊन मोकळा. पुढच्या गाडीला मागे टाकलं नाही, तर त्या दिवशी त्याला जेवण गोड लागत नाही. आणि अशा माणसाच्या पोटी चालण्याची शर्यत खेळणारी मुलगी यावी, याला काय म्हणावं!

वेदिका नाशिकला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. पहाटे पाटाच्या रस्त्यावर कंबर हलवत, कोपर मागेपुढे करत झपझप चालायची आणि दूध घालायला निघालेली माणसं मोटारसायकली हळू करून बघायची. देवरामचं तोंड कडू व्हायचं. "पळायचं असंल तर पळ. हे काय अर्धवट?" असं त्याने शंभरदा विचारलं असेल, तिने शंभरदा सांगितलं असेल. उत्तर संपेपर्यंत थांबण्याचा धीर त्याला एकदाही झाला नाही.

शेवटी त्याने आपल्या पद्धतीने निकाल लावला. जानेवारीत विद्यापीठाच्या संघासाठी निवड होती. पहिल्या दोघींत आली, तर खेळ चालू. नाही आली, तर सोमवारपासून, तो ज्यांची द्राक्षं वाहायचा त्या रंगनाथशेठच्या पॅकहाउसमध्ये कॉम्प्युटरवर बसायचं, मैदान बंद, अभ्यास घरून. वेदिका म्हणाली, "चालंल." ती एवढी चटकन कबूल झाली, की तोच जरा घाबरला.

शर्यत पंचवीस फेऱ्यांची होती. पाचव्या फेरीलाच देवराम पायऱ्यांवरून उठून जाळीपाशी आला आणि जाळीच्या कडेने येरझाऱ्या घालू लागला. वेदिका दुसरी चालली होती. तिच्या दहाएक पावलं मागे तिच्याच कॉलेजची कौसर. ती दहा पावलं कधी बारा व्हायची, कधी आठ, आणि देवरामचा जीव खालीवर व्हायचा.

ट्रॅकच्या कडेला एक पांढरा फळा होता. त्यावर मुलींचे नंबर आणि काहींच्या पुढे लाल ठिपके. अकराव्या फेरीला वेदिकाच्या नंबरापुढे एक ठिपका आला, सोळाव्या फेरीला दुसरा. कौसरपुढे एकही नाही. जी पहिली चालली होती तिच्यापुढेसुद्धा नाही! देवरामची छाती फुगली. शेजारी चहा पीत उभ्या असलेल्या माणसाला तो म्हणाला, "आमची पोरगी हाय ती. दोन पॉइंट झाले तिचे."

त्या माणसालाही त्यातलं तेवढंच कळत होतं. "लय भारी," तो म्हणाला.

विसाव्या फेरीला कौसर तीन पावलांवर आली. आता देवरामला राहवेना. अजून एक पॉइंट मिळाला की पोरगी सुटली, असं त्याच्या मनाने घेतलं. जाळीवर मूठ आपटून तो ओरडला, "पळ, वेदे! पळ!"

जन्मल्यापासून ज्या आवाजाला ती दचकून उठली, तोच हा आवाज. तिने मान वळवली नाही, पण पाय ऐकून गेले. चार-पाच पावलं ती हवेत उचलली गेली, मग सावरली. वळणावरच्या पंचांनी काहीतरी लिहून घेतलं आणि थोड्या वेळाने फळ्यावर तिसरा ठिपका लागला.

देवरामने दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवल्या.

तोवर एका पंचबाईंनी वेदिकासमोर लाल फळी धरली होती. ती थांबली. छातीवरचा नंबर काढून ट्रॅकच्या बाहेर आली. कौसर पुढे निघून गेली. देवरामचे हात अजून वरच होते.

कॉलेजच्या खेळाच्या योगिनी मॅडम पलीकडून धावत आल्या. "अहो काका, या शर्यतीत एक पाय कायम जमिनीवर असावा लागतो. दोन्ही सुटले की चूक. ठिपका म्हणजे चूक. तीन झाल्या की बाद!"

हे ऐकून गप्प राहिला तर तो देवराम कसला. तो तडक पंचांच्या टेबलाशी गेला. "वरडलो मी. चूक माझी हाय. तो ठिपका माझ्या नावावर लावा अन् पोरीला परत सोडा."

पंच हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. "तुम्ही शर्यतीत नाही, काका," एवढंच म्हणाले. देवरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वळून पाहतो तर वेदिका ट्रॅकच्या कडेला उभी राहून ओरडत होती. रडत नव्हती, घसा फोडून ओरडत होती. "कौसर, खांदे खाली! तीनच राहिल्या! डोळे समोर ठेव!" कौसर दुसरी आली आणि सरळ वेदिकाच्या गळ्यात पडून रडायला लागली. देवरामला काही समजेना. जिला जागा मिळाली ती रडतेय आणि जिची गेली ती तिला पाणी पाजतेय. जन्मभर त्याने इतक्या गाड्या मागे टाकल्या, त्यातल्या एकाही ड्रायव्हरचं नाव त्याला ठाऊक नव्हतं.

परतताना टेम्पो चाळीसच्या वर गेला नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून वाजवून वात आणला. चांदोरीच्या अलीकडे वेदिका म्हणाली, "अप्पा, सोमवारी पॅकहाउसला किती वाजता जायचं?"

त्याला टोमणा वाटला. पाहिलं तर तिचा चेहरा साधा होता.

"पंचांना एक शब्द बोलली नाय तू."

"काय बोलू? पाय सुटले व्हते."

"मी वरडलो म्हणून."

"पाय माझे व्हते, अप्पा."

देवरामने टेम्पो कडेला घेतला आणि बंद केला. "सोमवारी कॉलेजला जायचं. अन् मैदानावर बी."

"पण आपलं ठरलं व्हतं ना..."

"ठरलं व्हतं तुझ्यात अन् माझ्यात. त्यात मधे पाय घातला मी. मंग बाद कोण? मी बाद. शेटला सांगतो मी काय ते."

तेव्हा कुठे वेदिका रडली. ओढणीत तोंड घालून, हुंदके देत रडली. आणि तिचं रडणं पुरतं होईपर्यंत देवरामने चावीला हात लावला नाही.