रेबेल नावाची सायकल आणि बाबांचं तेल

आमच्या घरात आजवर एकही वस्तू एकमताने खरेदी झालेली नाही.

फ्रिज बहुमताने आला. वॉशिंग मशीन आत्याच्या सभात्यागानंतर आलं. घरात आम्ही तिघंच: बाबा, आत्या आणि मी. बाबा गिरणीत फिटर होते आणि युनियनमध्येही होते. गिरणी बंद पडली, पण बैठका बंद पडल्या नाहीत. त्या घरात सुरू झाल्या! मी अक्षरं गिरवली तीही बाबांनी आणलेल्या पत्रकांवरून. इतर मुलांचा 'अ' अननसाचा होता, माझा अन्यायाचा. (बालवाडीच्या बाईंनी 'न' कशाचा असं विचारल्यावर मी 'निषेधाचा' म्हणाले. त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा अभिमानाने गेले.)

पुढे मी स्वतःच पत्रकं लिहायला लागले. त्यातलं एक होतं 'बंडखोरी दुकानात मिळत नाही'. बंडखोरीचे टी-शर्ट आणि बंडखोरीचे कॉफीचे मग विकणाऱ्या बाजारावर मी त्यात आग ओकली होती आणि ते डिलाईल रोडवर घरोघर वाटलं होतं. हे पत्रक लक्षात ठेवा. मी विसरायचा प्रयत्न करतेय.

तर, मला सायकल हवी होती. साधी नाही, डोंगरातली. पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारे शॉक असलेली. मैत्रिणींबरोबर कर्जतच्या बाजूला एकदा उसन्या सायकलवर गेले होते. तिला शॉक कुठेच नव्हते, त्यामुळे ते सगळे मला बसले! नंतर आठवडाभर मी पत्रकं उभ्याने लिहिली.

बैठक बसली.

"दोन्हीकडे कशाला?" बाबा म्हणाले. "पुढे एक पुरे. मागच्याचं समर्थन कर."

"बाबा, मागेच तर मी बसते!"

"मुद्दा नोंदवला."

आत्याचं आयुष्य मुंबईत गेलं, पण वाद घालताना ती थेट मालवणातून बोलते. तिने मोबाईलवरचा फोटो डोळ्यांजवळ नेला. "अगो बाय, ह्येका क्यारिअर खंय आसा?"

"नसतो."

"स्टँड?"

"नसतो."

"घंटी?"

"तीही नसते, आत्या."

"मगे इतक्या पैशांत देतत काय? नुसतो सांगाडो?"

शेवटी ठराव झाला: सायकल आधी चाळीत आणून दाखवावी. हा आमच्या चाळीचा रिवाजच आहे. गॅलरी सगळ्यांची, त्यामुळे गॅलरीत जे राहणार ते आधी सगळ्यांना दाखवायचं, मग ते कपाट असो की घरजावई.

दादरच्या दुकानात मी पोचले तेव्हा माझी सायकल समोरच उभी होती. राखाडी, साधी, गंभीर. एकही जास्तीचा रंग नाही, एकही अक्षर नाही. माझी तत्त्वं चाकांवर उभी केली असती तर अशीच दिसली असती! मी तिच्यावर बसले. ती माझ्या वजनाने अलगद खाली दबली आणि थांबली. इतक्या समजूतदारपणे मला आजवर कोणीही सांभाळून घेतलं नव्हतं.

"हीच," मी दुकानदार निखिलला म्हटलं. "पण आधी चाळीत दाखवायचीय."

"चाळीत?" त्याने मान हलवली. "मॅडम, नवी बाहेर नाही देता येणार. डेमोची घेऊन जा तासभर. सेम सायकल, साइज पण तुमचीच. फक्त रंग वेगळा."

डेमोची सायकल पोपटी होती. तिच्यावर नारिंगी ज्वाळा होत्या. आणि मधल्या नळीवर हातभर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: रेबेल.

मी निखिलला तिथेच पाच मिनिटं भाषण दिलं. बंडखोरीवर ज्वाळांचे स्टिकर लावून ती विकणाऱ्या कंपन्यांबद्दल. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आधार कार्ड आणलंय ना?"

ब्रेक जरा किंचाळत होते, पण सायकल लोण्यासारखी चालली. रस्त्यावरचे खड्डे पहिल्यांदाच मला सरकारविरोधी पुरावा वाटले नाहीत. (घाबरले मी. हा मऊ गादीवरचा विचार होता!)

चाळीच्या पटांगणात सगळी गॅलरी वाकून बघत होती. शेजारचे बाळाकाका, आमच्या गॅलरीचे स्वयंघोषित अध्यक्ष, सीट दाबून म्हणाले, "मुक्ता, ही तर खचते!"

"खचायलाच हवी, काका. थोडी दबली तरच नीट सांभाळते."

"गॅसचा सिलिंडर नेता येईल का?"

"डोंगरात?"

"डोंगरात कशाला? नाक्यावरून."

आत्याने हँडलची रुंदी साडीच्या पदराने मोजली आणि वर जाऊन गॅलरी मोजली. "मावता," ती वरून ओरडली. "हँडलावर टॉवेल पण वाळतीत. मुक्ते, वर ये, मंडळी जमलीत, चाय टाक! सायकल खंय पळणा नाय."

मी चहा टाकायला वर गेले. एवढीच माझी चूक. म्हणजे पहिली.

चहाचा ट्रे घेऊन खाली आले तर सायकल उलटी! चाकं आकाशात, बाबा मांडी घालून समोर, आणि त्यांच्या हातात लांब चोचीचं तेलाचं कॅन. गिरणीतून त्यांनी आणलेली ती एकमेव आठवण.

"ब्रेक ओरडत होते," बाबा म्हणाले. "कोरडं मशीन मला बघवत नाही. त्या पोराने तेलाचा थेंब घातला नव्हता!"

त्यांनी चेनला तेल घातलं होतं. शॉकला घातलं होतं. आणि चाकांमधल्या त्या चकचकीत चकत्या आहेत ना, ज्यांना चिमटून ब्रेक लागतो, त्या दोन्ही चकत्यांवर तेल सोडून, वर चिंधीने एकसारखं चोळलं होतं. वर्षानुवर्षांच्या कौशल्याने. कुठेही कोरडी जागा नाही.

"ऐक आता." त्यांनी चाक फिरवून ब्रेक दाबला. आवाज नाही! चाक फिरतच राहिलं, ते मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, कारण मी तोवर भाषण सुरू केलं होतं.

"बघा! कंपनीला जे जमलं नाही ते एका कामगाराच्या हाताने केलं!"

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. मी ट्रे ठेवला, सायकल सुलटी केली आणि तिच्यावर बसले.

आमचं पटांगण फाटकाकडे जरासं उतरतं. जरासंच. मी हात हलवत निघाले, ब्रेक दाबला, आणि काहीही झालं नाही. पुन्हा दाबला. सायकल तशाच शांतपणे पुढे निघाली, एखाद्या पाहुणीसारखी, सगळ्यांचा निरोप घेत.

"मुक्ते, थांब गो आता!" आत्या वरून म्हणाली.

"थांबतच नाहीये!"

"पाय टेकव!" बाबा ओरडले.

तेवढं सुचण्याआधी फाटकाजवळ रचून ठेवलेल्या मंडळाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मी त्यात हळूहळू, जवळजवळ आदराने शिरले. खुर्च्या एकेक करून माझ्यावर बसल्या. मला खरचटलंसुद्धा नाही. 'रेबेल'च्या ज्वाळांवर मात्र फाटकाच्या कडीने हातभर लांब ओरखडा काढला.

"शॉक चांगले आहेत," बाळाकाकांनी निकाल दिला.

आम्ही तिघंही सायकल ढकलत दादरला गेलो. निखिलने चकतीवर बोट फिरवलं, वास घेतला आणि खालीच बसला. "काका, ब्रेकला तेल?"

बाबांनी पहिल्यांदा चकतीकडे नीट बघितलं. मग ब्रेककडे. मग माझ्याकडे. "चूक माझी," ते म्हणाले.

"जाऊ द्या हो," निखिल म्हणाला. "ब्रेकचे पॅड बदलतो, चकत्या धुतो. ओरखड्याचं काय, डेमोचीच आहे. तुम्ही तुमची राखाडी घेऊन जा."

माझा जीव भांड्यात पडला. मी राखाडीच्या हँडलवर हातही ठेवला.

"नाही," बाबा म्हणाले. "आपण बिघडवलेलं मशीन दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नाही. आम्ही हीच घेणार."

"पण काका, मी म्हणतोय ना..."

"तुमच्या म्हणण्याचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे. काय, मुक्ता?"

मी मनातल्या मनात माझी सगळी पत्रकं चाळली. राखाडी सायकलच्या बाजूने एक ओळसुद्धा सापडली नाही. उलट बाबांचं वाक्य मीच कुठेतरी ठळक अक्षरांत छापलं होतं! मी राखाडीच्या हँडलवरून हात काढला.

"ठीक आहे," मी म्हटलं. आमच्या घरातली ती पहिली एकमताची खरेदी.

"रंग बरो आसा," आत्याने 'रेबेल'ला थोपटलं. "गर्दीत हरवाची नाय." मग तिने निखिलला कोपऱ्यात घेतलं. परत आली तेव्हा तिच्या हातात पितळेची घंटी होती.

आता मी त्याच सायकलवरून पत्रकं वाटते. परवा जुनी उरलेली काढली होती. बाळाकाकांनी एक घेतलं, चष्मा लावला, शीर्षक मोठ्याने वाचलं, 'बंडखोरी दुकानात मिळत नाही'. मग त्यांनी चष्म्यावरून सायकलच्या नळीकडे बघितलं. 'रेबेल' वाचलं.

"मग ही कुठून आणलीस?"

"दादरहून, काका," मी म्हटलं. "वर घंटी फुकट."