कोठाराच्या भिंतीवरची रेघ

“पावना कवातरी येतो, पन त्याचा पाट मोडू नये,” असं कोपरीच्या विमलाबाई नेहमी म्हणत.

त्यांचा सारा जन्म मिठागरात गेला. पाहुणा म्हणजे खाडीचं पाणी, आणि पाट म्हणजे त्याच्यासाठी सोडलेली जागा. त्या लहान असताना एकदा ते मिठाच्या कोठारात शिरलं. पाणी जिथवर चढलं तिथे वडिलांनी भिंतीवर कोयत्याने कमरेएवढी रेघ ओढली. आता त्या जागी अंगणवाडी व्हायची होती. जोतं किती उंच घ्यावं, हे सांगायला वस्तीने दर्शनाला बोलावलं. ती नौपाड्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते.

तिने खाडीची वर्षं संगणकावर घडवून पाहिली. प्रत्येक भरती, प्रत्येक वारा धरायचा, म्हणून एका वर्षाला संगणक अर्धा तास घेई. आठवडाभरात तीनशे वर्षं झाली. पाणी रेघेला एकदाही लागलं नाही. पाणी तिथवर येण्याची शक्यता म्हणून दर्शनाने कागदावर शून्य लिहिलं, आणि जोतं खालीच ठरलं.

“तीनशे वर्सं बगितलीस नि माजा बाप खोटा पाडलास होय गो?” विमलाबाई हसल्या.

“आजी, मी नाही, आकडे म्हणतात.”

“आकडं कंदी मिठागरात उतरलंत?”

मग त्यांनी आपली रीत सांगितली. नवा बांध घातला की मोठ्या उधाणाची वाट त्या बघत बसत नसत. स्वतःच काठोकाठ पाणी भरत आणि बांध कुठे पाझरतो ते पाहत.

“पन ह्ये उधान आपन आनलेलं, ह्ये इसरायचं नाय. जेवडा जोर आपला, तेवडं वजन कमी धरायचं. आनि खाडीला जमतं ते समदं आपल्या पान्याला जमलं पायजे. खाडीला जे कंदीच जमनार नाय, ते आपल्यालाबी नाय. येवडं जुळलं की बाकीचं मोजून निगतं.”

दर्शनाचा पेन थांबला. चौदा वर्षं ती फळ्यावर हेच लिहीत आली होती: दोन मापं कितीही वेगळी असोत, दोन्हींचं अशक्य एकच असेल तर एकावरून दुसऱ्यावर जाता येतं. पुस्तकाने त्याला पानभर चिन्हं लावली होती. बाईंनी ते चिखलात उभं राहून ओळखलं होतं, आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं.

तिने संगणकातला वारा वाढवला. शांत दिवस मात्र काढून टाकले नाहीत, फक्त विरळ केले. पाणी पुन्हा पुन्हा रेघेला लागलं. प्रत्येक वेळी तिने वाढवलेल्या जोराएवढं वजन उतरवलं. शेवटी उरलं ते हजार वर्षांतून एकदा. इवलंसं, पण शून्य नव्हे. त्या एका वेळचं पाणी चारचार वर्षांच्या मुलांच्या गळ्याशी येणारं होतं.

दुसऱ्या सकाळी दर्शनाने सगळ्यांसमोर कागदावरचं शून्य खोडलं आणि कोयत्याच्या रेघेच्या वीतभर वर खडूने जोत्याची खूण केली.

विमलाबाईंनी बापाच्या रेघेवर तळहात ठेवला. “मांडला गो पाट,” म्हणाल्या, आणि काठी टेकत खाडीच्या बांधावरून निघाल्या. मागे वळून पाहिलं नाही. बांध वळतो तिथे त्या दिसेनाशा झाल्या, तरी दर्शना हातात खडू धरून बघतच होती.