अर्जातला एक रकाना

आमच्या घरात सगळ्यांत चांगलं अक्षर माझं. त्याचा मला भारी तोरा होता. आता त्याच अक्षराची लाज वाटते.

सातवी पास होऊन मी घरी बसले होते. हिवरखेडच्या अलीकडे आमचं गाव. एकोणीसशे साठ उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. आईचे डोळे चुलीतल्या तुरीच्या तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या धुरानं बारा महिने लाल असायचे, आणि खोकला तर विचारूच नका. भाकरी तव्यावर टाकून ती परसात खोकायला जायची, परत येईपर्यंत भाकरी करपलेली. वडील थट्टा करायचे, पण तिची काळजी त्यांनाही होतीच. गोबर गॅससाठी सरकार बराचसा खर्च देतं, घरी पुरेशी जनावरं मात्र हवीत, हे तहसिलात ऐकलं तसा त्यांनी अकोल्याच्या साहेबांना निरोप धाडला.

साहेब जीपनं आले. गोठ्यातले बैल, गाई, म्हैस पाहून खूश झाले. ओट्यावर बसून ते सांगत गेले आणि मी अर्जात लिहीत गेले. ‘शेणाचा सध्याचा उपयोग’ असा एक रकाना आला.

“गोवऱ्या,” मी म्हणाले.

“घरी वापरता?”

“नाही. मावशी लावते. तिच्याच असतात त्या.”

“म्हणजे तुमच्या घराला उपयोग नाहीच ना? मग लिहा, वाया जाते. मंजुरी लवकर येते.”

मी लिहिलं. त्याच वेळी गोठ्यामागच्या भिंतीवर मावशी गोवऱ्या थापत होती. हाताचा थापथाप आवाज ओट्यावर ऐकू येत होता.

ही मावशी नात्यातली नव्हे. गावाच्या टोकाला एकटी राहणारी, मूलबाळ नसलेली विधवा बाई. माझ्या जन्माआधीपासून ती रोज आमचा गोठा झाडायची. सडा-सारवणापुरतं शेण आम्हाला ठेवून बाकीचं तिनं न्यायचं, असा रिवाज होता. हिवरखेडच्या बाजारात गोवऱ्या विकून ती पोट भरायची. हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे ते मोडताना आपण काही मोडतोय असंही कुणाला वाटलं नाही.

वर्षभरात खड्डा खणला गेला, लोखंडी टाकी बसली, नळी स्वयंपाकघरात आली. पहिल्या दिवशी आईनं त्या निळ्या जाळावर चहा केला आणि तान्ह्याच्या अंगावरून फिरवावा तसा शेगडीवरून हात फिरवला. इतकी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती. ते सुख खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी खराटा आणि टोपली घेऊन आली. वडील म्हणाले, “आता शेण टाकीत जातं. तू झाडत जा, जवारी देऊ.”

“झाडाले येईन मी, पाटील. पन शेन नाई त घरी जाऊन करू काय?”

वडील टाकीकडे वळले. ती थोडे दिवस आली आणि मग यायची बंद झाली. पुढे गुरांच्या कळपामागं रस्त्यानं शेण वेचताना दिसायची. आई म्हणाली, “एक टोपली तिच्यासाठी बाजूला काढा ना.” वडील म्हणाले, “टाकी उपाशी राहिली तर चूल तुलाच फुंकावी लागेल.” आई गप्प झाली. मी आधीपासूनच गप्प होते.

धूर गेला, पण आईचा खोकला गेला नाही. फार उशीर झाला होता. टाकी बसल्यावर दुसऱ्या श्रावणात ती गेली. तीन दिवस झड लागलेली. लाकडं ओली, गावात कुणाकडं उरलेल्या गोवऱ्याही ओल्या. आमच्या घरी तर एकही गोवरी नव्हती, मडक्यात न्यायला विस्तवही नव्हता. वडील सरपणाच्या खोलीत दोनदा जाऊन आले. तिथं सिमेंटची रिकामी पोती पडली होती.

तेवढ्यात डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन मावशी आली. भरलेली टोपली ओट्यावर ठेवली, परत गेली, दुसरी आणली. गोवऱ्या खडखडीत वाळलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर तिची पाच बोटं उमटलेली.

“कुठल्या ह्या?” वडिलांनी विचारलं.

“तुमच्याच गोठ्यातल्या. शेवटच्या. माह्यासाठी ठेवल्या होत्या खाटेखाली. मले मांगं कोन हाये? पन आता वहिनीले लागतात.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. वडिलांनी मान वर न करता टोपली उचलली. मला रडू आवरेना. मी तिचा हात धरून म्हणाले, “मावशी, तुह्यासाठी मी लावीन गोवऱ्या.”

“लावजो वो पोरी,” ती म्हणाली.

मी लावल्या नाहीत. त्याच हिवाळ्यात लग्न होऊन मी अमरावतीला आले. दोनदा माहेरी गेले आणि दोन्ही वेळा टोपली घेऊन गोठ्यापर्यंत पोचलेही. आतून वडील ओरडले, “काहून वो? टाकीचं शेण हाये ते!” मी टोपली जागेवर ठेवली. त्यांच्या पुढ्यात बोलायची माझी छाती झाली नाही, एवढंच खरं. पुढं भावाचं कार्ड आलं. मावशी वारली, घरात काही नव्हतं, लोकांनी पऱ्हाट्या गोळा करून उरकलं. पऱ्हाटीचा जाळ टिकत नाही, त्यामुळे दोनदा पेटवावं लागलं, असं त्यानं लिहिलं होतं.

वडिलांच्या माघारी त्यांच्या पेटीत त्या अर्जाची नक्कल सापडली. तीही मीच काढलेली. ‘शेणाचा सध्याचा उपयोग : वाया जाते.’ अक्षर खरंच सुरेख आहे. कुठेही खाडाखोड नाही.